चित्राक्षरे : शब्दांचे सोबती

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

श्रोतेहो,

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो विषय डोळ्यांनी पाहण्याचा आहे, आणि आपण तर माझे भाषण कानांनी ऐकत आहात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शब्दांच्या जोडीला जी इवलीशी पिवळी मुखे, जोडलेले हात, उंचावलेले अंगठे आणि लाल बदाम दिसतात, त्यांना 'इमोजी' असे म्हणतात. त्यांतील एकही मला येथून आपणांस दाखवता येत नाही. प्रत्येकाचे वर्णन शब्दांनीच करावे लागणार. ही अडचण मी आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचाच आपल्याला उपयोग होणार आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. बेळगावात माझ्या परिचयाचे एक वृद्ध शिक्षक आहेत. त्यांचे सारे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. त्यांची भाची इंदुरास दिलेली आहे. तिचे सासरे वारल्याची वार्ता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-गटावर आली. गुरुजींचे डोळे अधू, बोटे थरथरणारी. लांब मजकूर लिहिणे होईना, म्हणून त्यांनी चित्रांच्या ओळीतून डोळ्यांतून अश्रू ओघळणारा एक चेहरा निवडला आणि पाठवून दिला. अश्रू त्यांना दिसले, त्या चेहऱ्याचे तोंड मात्र दिसले नाही. ते हास्याने उघडलेले होते. हसता हसता ज्याच्या डोळ्यांत पाणी आले आहे, असा तो चेहरा होता. पुढे दोन महिने भाचीचा दूरध्वनी आला नाही, आणि तो का येत नाही हे गुरुजींना कळेना.

या हकीकतीचा शेवट मी अखेरीस सांगेन. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे की, जन्मभर शब्दांचा नेमका उपयोग शिकवणाऱ्या माणसालाही एका बोटभर चित्राने दगा दिला. असे का व्हावे, आणि ते टळावे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

'इमोजी' हा शब्द कानी पडताच भावनेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्याशी याचे नाते असावे, असा समज होतो. वस्तुतः हा शब्द जपानी आहे. जपानीत 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. तेव्हा मराठीत त्याला 'चित्राक्षर' म्हटले तर ते मूळ शब्दाशी इमान राखून होईल. मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे.

या चित्राक्षरांना एक थोरला भाऊ आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील सूचनाफलकावर प्राध्यापक आणि विद्यार्थी मजकूर लिहीत असत. थट्टेने लिहिलेले वाक्य कोणीतरी खरे मानी आणि त्यावरून वाद माजे. तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती सुचवली : जे विनोदाने लिहिले असेल त्यापुढे अपूर्णविराम, संयोगरेषा आणि मिटता कंस ही तीन चिन्हे ओळीने टाकावीत. मान डावीकडे कलती करून पाहिले की त्यांतून हसरा चेहरा दिसतो. युक्ती विद्यापीठाबाहेर सर्वत्र पसरली.

प्रत्यक्ष चित्रे आली ती जपानात. १९९७ साली तेथील एका दूरध्वनी-संचात ९० चित्रे घातलेली होती. त्यानंतर १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी डोकोमो या कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच तयार केला. प्रत्येक चित्र आडवे बारा आणि उभे बारा अशा ठिपक्यांत बसवलेले होते. रांगोळी काढणाऱ्या आपल्या भगिनींना या कामातील कौशल्य चटकन कळेल. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ मध्ये तो संच आपल्या संग्रहात घेतला. परंतु जपानातील प्रत्येक कंपनीची चित्रांची मोजणी निराळी असल्यामुळे एका कंपनीच्या ग्राहकाने पाठवलेले चित्र दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला नीट मिळत नसे. सर्वांना मान्य होईल अशा एका यादीची गरज होती, आणि ती गरज 'युनिकोड' या जागतिक यादीने भागवली.

येथे थोडे थांबून या यादीची रीत समजून घेऊ, कारण पुष्कळशा गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. जगातील बहुतेक प्रचलित लिप्यांतील प्रत्येक अक्षराला या यादीत एक क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क' या अक्षराचा क्रमांक २,३२५. ऑक्टोबर २०१० मध्ये या यादीची सहावी आवृत्ती निघाली, तीत शेकडो चित्राक्षरांना क्रमांक मिळाले. गुरुजींनी पाठवलेल्या त्या हसऱ्या अश्रुमुखाचा क्रमांक १,२८,५१४, आणि जोडलेल्या हातांचा १,२८,५९१. आपण चित्र पाठवतो असे आपल्याला वाटते, परंतु प्रवासाला निघतो तो हा क्रमांक. पलीकडच्या माणसाचा संच तो क्रमांक वाचतो आणि आपल्या जवळचे चित्र काढून दाखवतो. छापखान्यातील जुळारी हस्तलिखितात 'क' दिसला की आपल्या घरातला खिळा उचलून लावतो, तसाच हा प्रकार आहे. खिळ्याचे वळण कोणते, हे छापखान्यावर अवलंबून असते. लेखकाच्या हस्ताक्षराशी त्याचा संबंध नाही.

अक्षराच्या बाबतीत वळणाने अर्थ बदलत नाही. चित्राच्या बाबतीत तो बदलतो. २०१६ मध्ये ॲपल कंपनीने पिस्तुलाचे चित्र बदलून त्याजागी हिरवी पिचकारी घातली. इतर बहुतेक कंपन्यांनी तो बदल केला तो २०१८ पर्यंत. मधल्या काळात क्रमांक एकच आणि चित्रे दोन, अशी स्थिती होती. इंदुराच्या एखाद्या मुलाने रंगपंचमीच्या आमंत्रणासोबत मित्राला पिचकारी पाठवावी आणि मित्राच्या पडद्यावर पिस्तूल उमटावे, हे त्या काळात अगदी शक्य होते. ज्या संचाची यादी जुनी आहे त्याला नवा क्रमांक ओळखताच येत नाही. तो बिचारा एक रिकामी चौकट दाखवून मोकळा होतो.

या यादीत आपले नातेगोतेही पुष्कळ आहे. ज्या आवृत्तीत ही चित्रे आली त्याच आवृत्तीत आपल्या रुपयाच्या नव्या चिन्हालाही क्रमांक मिळाला. पणती, साडी, मंदिर आणि ऑटोरिक्षा ही चित्रे २०१९ मध्ये दाखल झाली. आणि वडोदरे, ग्वाल्हेर, इंदूर येथील जुन्या दप्तरांतून जिचे ढीग पडून आहेत त्या आपल्या मोडी लिपीला जून २०१४ मध्ये स्थान मिळाले. म्हणजे पिवळा हसरा चेहरा आत येऊन बसल्यावर जवळजवळ चार वर्षांनी मोडीला आसन मिळाले! यात रागावण्यासारखे काही नाही. ज्याच्या वापराची निकड मोठी आणि ज्याची बाजू कोणी नीट मांडली, त्याला आधी जागा मिळते.

आणखी एक नाते मला फार मौजेचे वाटते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या शब्दांतील फरक आपण शाळेत शिकलो. पहिल्यात गुरूला नमस्कार पोचतो, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. संगणकावर हा दुसरा, मराठीचा खास अर्धा 'र' लिहिण्याची जी एक रीत आहे, तीत एक अदृश्य जोडचिन्ह वापरावे लागते. त्याचा क्रमांक ८,२०५. हेच जोडचिन्ह चित्राक्षरेही सांधते. स्त्रीचे चित्र, मग हे अदृश्य चिन्ह, मग भाताची पेंढी, असे तीन क्रमांक ओळीने पाठवले की पडद्यावर शेतकरी स्त्री उभी राहते. संच जुना असला तर सांधा सुटतो, आणि स्त्री एकीकडे व पेंढी दुसरीकडे अशी दोन चित्रे दिसतात.

आता चित्र दोन्हीकडे सारखेच दिसले, असे धरून चालू. तरी अर्थ सारखाच पोचेल काय? जोडलेले हात पाहा. जपानात ते आभाराचे आणि विनंतीचे, पाश्चात्त्य देशांत पुष्कळांच्या मते प्रार्थनेचे. आपल्याकडे तर त्यांची गणतीच नाही. सकाळचा नमस्कार, आभार, क्षमायाचना, देवदर्शन, शोक, आणि 'आता हा विषय पुरे' असे सुचवणारा कोपरापासूनचा नमस्कारही त्याच दोन हातांनी होतो.

अंगठ्याची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तो न्यायालयापर्यंत गेला. कॅनडातील सास्काचेवान प्रांतात २०२१ साली एका धान्यखरेदीदाराने जवसाच्या कराराचे छायाचित्र एका शेतकऱ्याला पाठवले आणि करार मान्य असल्याचे कळवावे, असे लिहिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल उंचावलेला अंगठा पाठवला. पुढे जवसाचा भाव चढला आणि माल पोचला नाही. 'करार मिळाला, एवढेच मी अंगठ्याने कळवले,' असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा म्हणजे संमती असे ठरवून ८२ हजार डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली, आणि २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला.

त्याच २०२४ साली आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयापुढे दुसरा अंगठा आला. एका अधिकाऱ्याच्या हत्येची वार्ता गटावर आली असता रेल्वे सुरक्षा दलातील एका शिपायाने तिच्याखाली उंचावलेला अंगठा टाकला होता. हत्येचा आनंद मानला, असा आरोप येऊन त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाने म्हटले की, हा अंगठा 'ठीक, पाहिले' एवढ्याच अर्थाचा असू शकतो, हत्येचा आनंद साजरा केला असे त्यावरून म्हणता येणार नाही. एकाच अंगठ्याने एका देशात सौदा पक्का झाला, तर दुसऱ्या देशात तो केवळ पोच ठरला. दोन्ही निर्णय आपापल्या प्रसंगाला धरून आहेत. तथापि दोन्ही ठिकाणी माणसांना वर्षानुवर्षे जो त्रास झाला, तो एका लिहिलेल्या वाक्याने वाचला असता. आपल्या मराठीत तर अंगठा उठवणे म्हणजे दस्तऐवजाला मान्यता देणे, आणि अंगठा दाखवणे म्हणजे ऐन वेळी साफ नाकारणे. पाठवलेला अंगठा यांतील कोणता, हे समोरच्याने कसे ओळखावे?

इतके ऐकून कोणी म्हणेल, की मग ही चित्रे टाकूनच द्यावीत. मला तसे वाटत नाही. ती ज्या गरजेतून जन्मली ती गरज खरी आहे. 'आलात? या!' एवढेच शब्द दारात उभे राहून किती तऱ्हांनी म्हणता येतात पाहा. हर्षाने, थकव्याने, उपरोधाने, रागाने. स्वराच्या पालटाने अर्थ पालटतो, याला आपल्या शास्त्रकारांनी 'काकु' असे नाव दिले आहे, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात तिचा विचार केलेला आहे. कागदावर उतरलेल्या शब्दाला ही काकु नसते. म्हणून तर आपले वाडवडील मंगल पत्रिकेला हळदकुंकवाची बोटे लावीत आणि अशुभ वार्तेच्या पत्राचा कोपरा फाडीत. पत्र उघडण्यापूर्वीच मन तयार व्हावे, एवढाच त्या खुणेचा उद्देश असे. विरामचिन्हांचेही तसेच. मोडी लिहिताना शब्दाशब्दांत अंतरदेखील न ठेवणाऱ्या आपल्या समाजात, एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी यांनी विरामचिन्हे रूढ केली. आज उद्गारचिन्ह आपल्याला परके वाटत नाही.

चित्राक्षराचे खरे स्थान मला नाटकाच्या पुस्तकात सापडते. नाटककार संवादाच्या आधी कंसात 'हसून', 'स्वगत', 'डोळे पुसत' अशा सूचना लिहितो. नट त्या बोलून दाखवीत नाही. संवाद कसा बोलावा, एवढेच त्या सांगतात. चित्राक्षर ही अशी कंसातील सूचना आहे. संवाद असेल तर ती त्याला रंग भरते. परंतु संवाद गाळून नुसते कंसच छापले, तर त्याला नाटक कोण म्हणेल? गुरुजींच्या संदेशात संवाद नव्हता, नुसता कंस होता, आणि तोही चुकीचा. 'वाचून फार वाईट वाटले' एवढे चार शब्द त्यापूर्वी असते, तर भाचीने चुकलेले चित्र हसून सोडून दिले असते.

यावरून पहिला नियम आपोआप निघतो. चित्र पुसून टाकावे आणि वाक्य पुन्हा वाचून पाहावे. अर्थ पुरा राहत असेल तर चित्र खुशाल ठेवावे. अर्थ लंगडत असेल तर शब्द कमी पडले आहेत, असे समजावे. पैशाचा व्यवहार, तारीख-वेळ, औषध, संमती आणि सांत्वन या पाच ठिकाणी तर चित्रावर मुळीच विसंबू नये. 'होय, मला मान्य आहे' हे लिहायला अंगठ्याहून फार वेळ लागत नाही.

आता मी आरंभी सांगितलेल्या अडचणीकडे वळतो. मी येथून चित्र दाखवू शकत नाही, तुम्ही ते पाहू शकत नाही, सर्व काही शब्दांनीच पोचते आहे. ज्यांना दृष्टी नाही अशा आपल्या बांधवांची संगणकापुढे नित्य हीच स्थिती असते. त्यांचा संच पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, आणि चित्र आले की त्याचे नाव उच्चारतो. कोणी उत्साहाने अभिनंदनापुढे टाळ्यांचे हात ओळीने दहा वेळा टाकले, तर त्या श्रोत्याला 'टाळ्या वाजवणारे हात, टाळ्या वाजवणारे हात' असे पुनःपुन्हा ऐकावे लागू शकते. शब्दाशब्दांच्या मध्ये चित्रे पेरली, तर वाक्याचा धागाच तुटतो. म्हणून चित्र एखादेच असावे आणि ते वाक्याच्या शेवटी असावे. वेगवेगळी चिन्हे ओळीने मांडून केलेला फालमन यांच्या पद्धतीचा हसरा चेहरा तर अशा श्रोत्याला पुष्कळदा चेहरा म्हणून पोचतच नाही.

संकेतस्थळे चालवणाऱ्या संस्थांनी हे अधिकच ध्यानात ठेवावे. आपल्या कितीतरी मंडळांची आणि वाचनालयांची संकेतस्थळे आता निघाली आहेत. तेथे 'पत्ता' या शब्दाऐवजी नुसती टाचणी किंवा 'दूरध्वनी' या शब्दाऐवजी नुसता कर्णा दाखवू नये. चित्र ठेवायचे तर शब्दाशेजारी ठेवावे. मथळ्यांतून चित्रे टाळावीत. आणि भाषा निवडण्यासाठी राष्ट्रध्वजांची चित्रे मांडण्याची जी चाल पडली आहे ती तर आपण सोडलीच पाहिजे. मराठीला कोणता ध्वज लावणार? गोव्यातील, बेळगावातील, हैदराबादेतील आणि वडोदऱ्यातील मराठी माणूस ज्या एका तिरंग्याखाली राहतो, त्याच तिरंग्याखाली कोकणी, कन्नड, तेलुगू आणि गुजराती भाषाही नांदतात. भाषेचे निशाण म्हणजे तिचे अक्षर. तेथे 'मराठी' असे स्वच्छ देवनागरीत लिहावे.

हे बोलताना मनात एक काळजी आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत मुलांचे शिक्षण हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमातून होते. आजी मराठीत चार ओळी लिहिते, नातू उत्तरादाखल लाल बदाम पाठवतो. त्या बदामात प्रेम असते, याविषयी मला मुळीच शंका नाही. परंतु पुष्कळदा तो बदाम जेथे मराठी शब्द सुचला नाही तेथे येऊन बसलेला असतो. असे रोज घडत गेले की न सुचणारा शब्द हळूहळू नाहीसाच होतो, आणि तो गेल्याचे कोणाला कळतही नाही, कारण चित्राने जागा भरलेली असते. नातवावर रागावू नये. 'बदाम पोचला रे, आता त्याच्यासोबत एक शब्द पाठव,' एवढे आजीने म्हणावे. तो शब्द रोमन अक्षरांत आला, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने आला, तरी गोड मानून घ्यावा.

आता गुरुजींच्या हकीकतीचा शेवट. कोडे उलगडले ते भाचीच्या मुलाने. तो महाविद्यालयात शिकतो. देवनागरी मराठी त्याला अडखळतच वाचता येते. एके दिवशी जुने संदेश चाळताना त्याला तो चेहरा दिसला, आणि त्याने थेट बेळगावला दूरध्वनी करून अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत विचारले, "आजोबा, तुम्हाला रडणारा चेहरा पाठवायचा होता ना?" गुरुजी क्षणभर काही बोलू शकले नाहीत. त्या रात्री त्यांनी भाचीला कागदावर पत्र लिहिले. ते मिळाल्यावर तिने ते मोठ्याने वाचून मुलाला ऐकवले आणि लगेच मामांना दूरध्वनी केला. जो चित्र ओळखीत होता त्याला शब्द वाचता येत नव्हते, ज्यांचे शब्दांवर प्रभुत्व होते त्यांना चित्र ओळखता आले नव्हते. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

गुरुजींनी चित्राक्षरे सोडलेली नाहीत. मात्र आता ते आधी एक वाक्य लिहितात, मग भिंग लावून चेहऱ्याचे तोंड पाहतात, आणि मगच तो पाठवतात.

श्रोतेहो, आपला निरोप घेताना मी हात जोडले आहेत, पण ते आपणांस दिसत नाहीत. म्हणून शब्दानेच म्हणतो, नमस्कार.